नमुन्याची पिशवी

मी एक पिशवी आहे. विकायची नव्हे, नमुन्याची. शिवणकामाच्या खोलीत दाराशेजारच्या खिळ्यावर मी सहा वर्षं लटकले आणि माझ्याकडे बघून बाकीच्या पिशव्या शिवल्या गेल्या. माणसं एकमेकांना "काय नमुना आहे!" म्हणतात तेव्हा त्यात कौतुक नसतं, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या धंद्यात नमुना म्हणजे घरातली थोरली. मला तो तोरा होता, खोटं कशाला बोलू?

माझ्या जन्माचं म्हणाल तर मी एका जागी जन्मलेच नाही. माझी पुढची बाजू दवाखान्याने टाकून दिलेल्या निळ्या पडद्याची. मागची बाजू कुणाच्या तरी पँटच्या दोन पायांची. अस्तर मोडक्या छत्रीचं आणि खांद्यावरचा पट्टा भंगारात गेलेल्या मोटारीच्या सीटबेल्टचा. पडद्याला एक जळकं भोक होतं, त्यावर लाल ठिगळ बसलं. कापड कमी पडलं म्हणून ते तिरकं लागलं आणि वरच्या कोपऱ्यात तीन टाके वाकडे गेले. बघणारा आधी तेच बघायचा आणि हसायचा.

मला शिवलं वहिनीने. पण त्याआधी माझा एकेक तुकडा सोडवून घेतला तो वन्संनी. वहिनी म्हणजे या घरातली सून आणि वन्सं म्हणजे तिची थोरली नणंद. मीही त्यांना वन्संच म्हणते, कारण खोलीत दिवसभर तीच हाक कानावर पडायची.

नवरा गेल्यावर वन्सं एक पत्र्याची ट्रंक घेऊन धाकट्या भावाकडे आल्या. मूलबाळ नव्हतं. भावाने नाही म्हटलं नाही, वहिनीनेही तोंड वाकडं केलं नाही. तरी पहिलं वर्षभर त्या ताटात पडेल तेवढंच खायच्या. कुणी आग्रह केला तर "पोट भरलं" म्हणून उठायच्या. हे मी वहिनीच्या तोंडून ऐकलेलं. मग वहिनीने जुन्या कपड्यांच्या पिशव्या करायला घेतल्या आणि जुने कपडे उसवायला दोन हात हवे झाले.

वन्संच्या हाताला जादू होती म्हणावं, तर त्यांना ते आवडायचं नाही. "जादू कसली? घाई नसली की झालं," म्हणायच्या. अर्धं ब्लेड फडक्यात गुंडाळून धरायचं, शिवणीच्या एका बाजूचा दर चौथा टाका कापायचा, कापड उलटं करायचं आणि दुसऱ्या बाजूचा दोरा एका ओढीत सबंध काढायचा. कापडाला ओरखडा नाही. निघालेला दोराही फेकायचा नाही, पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवायचा. आणि हे सगळं बघून नव्हे, बोट फिरवून. "टाका बोटाला लागतो. डोळ्यांना काय कळतंय, ते भुलतात."

उसवता उसवता त्या कपड्याच्या मालकाचं चरित्र सांगायच्या. "हा डावखुरा होता बघ, डावाच खिसा झिजलाय." "हिने पोटाशी दोनदा सैल केलंय गं वहिनी, दोन मुलं असणार." वहिनी मशीन चालवता चालवता हसायची. वन्संचा भाऊ गाडीवर ड्रायव्हर. रात्रपाळी करून सकाळी घरी आला की दारातच म्हणायचा, "माझ्या घरात एक शिवते आणि एक उसवते. हे घर पूर्ण कधी व्हायचं?"

मी शिवून झाले त्या दिवशी जेवणं याच खोलीत झाली, मशीन बाजूला सरकवून. जेवताना वन्संनी ताट पुढे केलं आणि म्हणाल्या, "वहिनी, वाढ अजून थोडं." वहिनीने वाढलं. त्या दिवसापासून त्या हक्काने मागून घ्यायला लागल्या. माझ्या आयुष्यात मी पाहिलेली सगळ्यात चांगली गोष्ट ती.

मग एक दुकानवाली बाई आली. बोलायला गोड, वागायलाही वाईट नव्हती. खिळ्यावरून मला काढून तिने उलटसुलट पाहिलं, ठिगळावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मला हीच हवी. खूप हव्यात, आणि सगळ्या अगदी अशाच."

वहिनी म्हणाली, "अहो ताई, अगदी अशा कशा होतील? तो पडदा एकच होता. जुनं कापड येईल तशी पिशवी होते."

"पण माझ्या गिऱ्हाइकाला चित्रात दिसली तीच हवी असते ना?"

बाई मला घेऊन गेली. पंधरा दिवस मला दिव्यांखाली ठेवून माझे फोटो काढले. इतकं निरखून मला कुणीच कधी पाहिलं नव्हतं. मी मूर्ख, हुरळून गेले.

बाईने मला परत आणलं ते कापडाच्या तीन ताग्यांबरोबर. वहिनीने एक तागा उलगडला. त्यावर मीच होते, लांबच लांब छापलेली. निळा पडदा, लाल ठिगळ, तेही तिरकं, आणि कोपऱ्यातले ते तीन वाकडे टाकेसुद्धा. दर हातभर अंतरावर पुन्हा मी, पुन्हा तेच तीन टाके. सोबत गळ्यात बांधायच्या चिठ्ठ्या आल्या होत्या : "टाकाऊ कपड्यांतून हाताने बनवलेली."

वहिनी म्हणाली, "ताई, हे तर कोरं कापड आहे."

"डिझाइन जुनंच आहे ना?" बाई म्हणाली आणि घाईत निघून गेली.

वहिनीला मी दोष देत नाही. तिचे खांदे भरून यायचे, मान वळायची नाही. तुकडे जोडत बसण्यापेक्षा अख्खं कापड कापून शिवणं किती सोपं! पण तिने एक चूक केली. वन्संना खरं सांगायचं धाडस तिला झालं नाही. ती एवढंच म्हणाली, "कापड तयारच आलंय. वन्सं, आता तुम्ही जरा आराम करा."

आराम. कामाच्या माणसाला यापेक्षा वाईट शब्द मी ऐकलेला नाही.

दोन दिवस वन्संनी आराम केला. म्हणजे खोली झाडली, पुठ्ठ्यावरचे दोरे सोडून पुन्हा गुंडाळले. तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनी बटणं आणायला बाहेर गेली. कापलेल्या तुकड्यांची चवड मशीनशेजारी होती. वन्संनी वरचा तुकडा उचलून उजेडात धरला आणि स्वतःशीच म्हणाल्या, "अगंबाई, ठिगळं तिरकी लावलीत सगळी. कुणाकडून शिवून आणलीत कोण जाणे. सरळ करून ठेवते, तिचं तेवढंच काम हलकं."

मी खिळ्यावर होते. मला तोंड असतं तर ओरडले असते.

त्यांनी ठिगळाच्या कडेवरून बोट फिरवलं. थांबल्या. पुन्हा फिरवलं. मग दुसऱ्या हाताचं बोट. टाका डोळ्यांना दिसत होता आणि बोटाला लागत नव्हता. त्यांनी बोटं पदराला पुसली, तोंडाजवळ नेऊन फुंकली, एकमेकांवर चोळली. चेहरा पांढरा पडला. "मेली की काय माझी बोटं?" असं अगदी हळू म्हणाल्या. आणि आयुष्यात पहिल्यांदा बोटावर न विसंबता, डोळ्यांनी बघून त्यांनी ब्लेड लावलं.

कापड टर्रकन फाटलं. दुसरा तुकडा घेतला, तोही फाटला. तिसऱ्याला वहिनी दारात आली.

"वन्सं! कुणी सांगितलं होतं तुम्हाला? अहो, ते छापलेलं आहे! टाके नाहीतच त्यात!"

"छापलंय?"

"सगळंच छापलंय."

वन्सं क्षणभर हसल्या. त्यांना केवढं हायसं वाटलं ते मला दिसलं. "म्हणजे बोटं ठीक आहेत माझी," त्या म्हणाल्या. मग हातातल्या तुकड्याकडे बघता बघता ते हसू ओसरलं. टाकेच नाहीत, तर उसवायचं काय? हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. तिन्ही फाटके तुकडे त्यांनी घडी घालून वहिनीच्या पुढे ठेवले आणि म्हणाल्या, "चुकलं माझं."

वहिनीने नंतर समजूत काढली. पण आधी ओरडली होती, ते काही परत घेता येत नाही. त्या दिवशी जेवताना वहिनी वाढायला वाकली, तर वन्संनी ताटावर आडवा हात धरला. "पोट भरलं." तेव्हापासून रोज हाच शब्द.

आठवड्याने जुन्या कपड्यांची पोती कचऱ्याच्या गाडीत गेली, कारण नव्या ताग्यांना जागा हवी होती. मग काल वन्सं भावाला म्हणाल्या, "मावसबहिणीकडे जाऊन येते थोडे दिवस." थोडे म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही. भावाने बूट काढता काढता म्हटलं, "बघ, तुला बरं वाटेल तसं."

माणसांची ही तऱ्हा मला कळत नाही. मनात माया असते, मी सहा वर्षं पाहिली आहे. पण नेमकं "जाऊ नकोस" म्हणायची वेळ आली की ती शहाण्यासारखी बोलतात.

आज सकाळपासून ट्रंक दाराशी भरून ठेवली आहे. मघाशी वन्संनी मला खिळ्यावरून खाली घेतलं. वाटलं, बरोबर नेतात. त्या खिडकीशी बसल्या, मला मांडीवर पालथी घातली आणि फडक्यातलं ब्लेड काढलं.

वहिनी मशीनवरून म्हणाली, "अहो, ती कशाला उसवता? चांगली आहे की."

"चांगली आहे गं. पण तिचं आता काय काम? गाडी यायला तासभर आहे. हात रिकामे बसत नाहीत माझे."

मशीन थांबलं. मला वाटलं, आता ती उठेल. दोन पावलांचं अंतर, दोन शब्दांचं काम. वहिनीने डोळे पुसले, दोरा ओवला आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

पट्टा निघाला. छत्रीचं अस्तर निघालं. पँटचे दोन पाय सुटे होऊन घडी घालून ठेवले गेले. मला दुखत नाही. त्या हातांत कुणालाच दुखत नाही. मला फक्त एवढंच वाटतंय की माझ्या अंगावर टाके आणखी हवे होते, पुष्कळ, महिनाभर पुरतील इतके. वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात काही फाटकं, विटकं, नकोसं असेल तर ते घेऊन या. लवकर या. ठिगळाच्या चार बाजूंपैकी तीन झाल्या आहेत आणि वन्सं हळूहळू उसवताहेत, मुद्दाम, एकेक टाका.