सहा प्रशिक्षकांची हुशारी

मित्रांनो, मी पितळेचा एक जुना चषक आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या सहा लहान कॉलेजांच्या बास्केटबॉल साखळीत वर्षातल्या सर्वोत्तम मुलीला मी मिळतो. वर्षभर तिच्या घरी राहायचे आणि मार्चमध्ये परत यायचे, हा माझा संसार. कुणी मला बैठकीत मिरवले, कुणी माझ्यात कपड्यांचे चिमटे ठेवले. एका घरी तर मांजरीने माझ्यात पिल्ले घातली. मी अगदी भरून पावलो!

माझा मानकरी सहा प्रशिक्षक चिठ्ठ्या टाकून ठरवतात. स्वतःच्या खेळाडूला मत द्यायचे नाही, एवढाच नियम.

त्या वर्षी जोलीन टेस्डालच्या तोडीची कुणीच नव्हती. तिचा हा शेवटचा हंगाम. पुढे ती वडिलांच्या गोठ्यात कामाला लागणार होती. चार वर्षे तिला मी हवा होतो, आणि खरे सांगतो, मलाही ती.

पण प्रत्येक प्रशिक्षकाला वाटले, मान आपल्याच संघातल्या मुलीला मिळावा. मग दुसऱ्याच्या भारी मुलीला मत कशाला द्या? एखाद्या निरुपद्रवी पोरीला देऊ. गंमत अशी, की पाच हुशारांना एकच निरुपद्रवी पोर आठवली: डार्ला कुबिक. हंगामभरात ती चार मिनिटे खेळली होती आणि तिने एकच बास्केट केली होती, तीही आपल्याच संघावर. सहावे तिचेच प्रशिक्षक, म्हणून ते तेवढे सुटले.

हंगाम संपल्यावरच्या मेजवानीत डार्लाचे नाव पुकारले गेले. टाळ्या वाजेनात. जोलीन ताटातल्या बटाट्यांकडे बघत राहिली.

डार्ला मला घेऊन उभी राहिली. "माझा एखादा चांगला शॉट आठवतोय का कुणाला?"

"तू... पाणी फार वेळेवर देतेस, पोरी," एक प्रशिक्षक पुटपुटले.

"मग पाणीवालीसाठी वेगळा कप काढा! आता चिठ्ठ्या नकोत, कोच. जोलीनसाठी हात वर करा. आत्ता, तिच्यासमोर."

एक हात वर आला, मग दुसरा. चेहरे लालबुंद, पण पाच हात झाले. जोलीनच्या प्रशिक्षकांचाही हात वर जाऊ लागला, तसा त्यांच्या बायकोने तो खाली ओढला. "हॅरल्ड, नियम! आणि चिठ्ठीत तू कुणाचं नाव लिहिलंस, ते सांगू का सगळ्यांना?"

मित्रांनो, मी काळवंडलो तर चालेल, पण कुणाचा मान ठरवताना हात लपवू नका. त्या दिवशी जोलीनने मला इतके घट्ट धरले, की माझ्या पोटाला पोचा पडला. मला खुशाल घासा, पुसा. तो पोचा तेवढा काढू नका.