कोरा रकाना

सांगतो त्यावर कुणाचाच विश्वास बसणार नाही. या दुकानदाराचा तर नाहीच. खिळे तोलता तोलता तो माझ्याकडे असा बघतोय, जणू त्याच्या काट्यावर मीच बोट ठेवलंय. पण मी असा एक गवंडी पाहिलाय, की घरमालकाच्या डोक्यात भिंत नीट उभी राहायच्या आत हा थापी घेऊन त्याच्या दारात हजर.

सगळे त्याला ज्योतिषी म्हणत. एका मास्तरांनी आईसाठी मागच्या बाजूला खोली काढायचं ठरवलं होतं, पण बायकोला सांगायचा धीर होत नव्हता. ज्योतिषी सकाळी दारात. सहज या रस्त्याने चाललो होतो, मागच्या खोलीचं काम निघालंय का? दार नेमकं बायकोनेच उघडलं. पुढे बरेच दिवस त्या घरात भांड्यांखेरीज कोणी आवाज केला नाही. खोली मात्र यानेच बांधली. दुसरे एक गृहस्थ याला घरपट्टीचा माणूस समजून पलंगाखाली शिरले आणि स्वयंपाकघर किती वाढवायचं ते तिथूनच सांगत राहिले.

“पलंगाखालून?” दुकानदाराने विचारलं.

“पाय बाहेर होते,” मी म्हटलं. “पायांनीच मापं दाखवली.”

आता यात जादू काही नव्हती. बांधकामाला परवानगी देणाऱ्या कचेरीबाहेर जाळीचा एक फलक होता. मंजूर झालेली प्रत्येक परवानगी तिथे लागायची. अर्जदार कोण, घर कुठलं, काम काय, कंत्राटदार कोण. सगळ्यांनी वाचावं म्हणून लावलेली, त्यामुळे कोणी वाचत नसे. हा दर सोमवारी इस्त्रीचा सदरा घालून जायचा. कंत्राटदाराच्या रकान्यात नाव दिसलं की पुढे सरकायचा. रकाना कोरा दिसला, की ते काम आपलं.

पण फलकाचं त्याने कोणाला कळू दिलं नाही. दुसरे गवंडी तिथे रांग लावतील ही भीती. मग संशयाला काय, मोकळं रान. गवंड्यांना वाटे, हा कारकुनाला खाऊ घालतो. कारकुनाला वाटे, हा वरून आलेला तपासनीस. ज्या घरात हा जाई तिथे आतलं बाहेर कोण सांगतं म्हणून शोध सुरू होई आणि तो बहुतेक सुनेपाशी थांबे. याच्या बायकोला इस्त्रीच्या सदऱ्याचा संशय. ती एकदा पाठोपाठ गेली. नवरा कचेरीच्या भिंतीकडे तोंड करून उभा दिसला, तेव्हा घरी येऊन जास्तच काळजी करू लागली.

काम मात्र नाव ठेवायला जागा नाही असं. जिना बांधला, की ओल्या पायरीची पुढची कड अंगठ्याने दाबत दाबत गोल करायचा. लहानपणी याला कडेवर घेऊन उतरताना थोरला भाऊ पायरीवर घसरला होता. याला वर धरलं, स्वतःची नडगी फोडून घेतली. तेव्हापासून धारेची पायरी याला बघवत नसे. ही खोड दुसऱ्या कोणा गवंड्याला नाही.

“माहीत आहे,” दुकानदार म्हणाला. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

एका सोमवारी फलकावर याने स्वतःच्याच घराचा पत्ता वाचला. अर्जदार थोरला भाऊ. काम: वरच्या मजल्यासाठी बाहेरून स्वतंत्र जिना. कंत्राटदाराचा रकाना कोरा.

त्या घरात खाली हा राहायचा, वर थोरला. जिना आतून, याच्या स्वयंपाकघरातून. संध्याकाळी थोरला कामावरून आला, की वर जाता जाता चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचलून बघायचा, नाक मुरडायचा आणि तरी चमचाभर खाऊन वर जायचा. दोन भावांचं बोलणं म्हणाल तर तेवढंच.

आता संशय घ्यायची पाळी याची आली. थोरला अंगणात उभा राहिला, तर भिंत मोजतोय. वहिनीने कपडे वाळत घालायची दोरी सोडली, तर जागा करतेय. झाकण उचललं, तर निरोप घेतोय. चमचा घेतला नाही, तर निरोप घेऊन झाला. दादा आपणहून सांगेल म्हणून हा वाट बघत राहिला. बायको म्हणाली, विचारून टाका की. याला ते जमेना. आयुष्यभर लोकांच्या दारात जाऊन जे विचारलं, तेवढंच याला विचारता येत होतं.

शेवटी याने कामाचे कपडे घातले, थापी घेतली आणि आतल्या जिन्याने वर गेला. वरच्या दाराची कडी त्या घरात कोणी कधी वाजवली नव्हती. याने वाजवली.

“सहज चाललो होतो,” हा म्हणाला. “जिन्याचं काम निघालंय का?”

थोरल्यानेही तेच विचारलं, जे सगळे विचारायचे.

“तुला कोणी सांगितलं?”

“फलकावर वाचलं.” जन्मात पहिल्यांदा याने खरं सांगितलं.

वहिनी आत गेली. थोरला खाली बघत म्हणाला, पोराचं लग्न ठरतंय. मुलीकडच्यांचं म्हणणं पडलं, की दुसऱ्याच्या घरातून जा-ये नको.

“दुसऱ्याच्या,” हा म्हणाला.

“ते म्हणाले. मी नाही.”

“सही तुझी आहे, दादा.” याने विचारलं, “रकाना का कोरा ठेवलास?”

थोरल्याने नडगीवरून हात फिरवला. “तुला कुठल्या तोंडाने सांगू? आणि तू असताना दुसऱ्याला कसा सांगू?”

आता पुढचं ऐका. थोरला उठला, कपाटातून परवानगीचा कागद काढला आणि याच्यासमोर टराटरा फाडला. मुलीकडच्यांना सांगितलं, पटत असेल तर मुलगी द्या. त्यांना पटलं. नवी सून त्याच स्वयंपाकघरातून वर गेली. आणि आजही, अगदी आजही, थोरला संध्याकाळी येतो, पातेल्यावरचं झाकण उचलतो, नाक मुरडतो...

दुकानदाराने काटा खाली ठेवला.

“काल मी नळाची तोटी द्यायला तुमच्या थोरल्या भावाकडे गेलो होतो,” तो म्हणाला. “बाहेरच्या जिन्याने. पायऱ्यांच्या कडा गोल आहेत.”