रुखवताची नाणी

"बाबा, डब्बा कोणी खोलला?"

गॅलरीतून सुनेचा, किमयाचा आवाज आला. रत्नाकररावांनी पेपर बाजूला ठेवला. कामवालीवर ढकलता आलं असतं. पण ते उठले आणि गॅलरीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"मी. थोडं व्हिनेगर अजून घातलं, उन्हात पण ठेवला. वाटलं, लवकर जुनी होतील."

डब्यात पाच रुपयांची चाळीस पिवळी नाणी होती. मीठ-व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्यात एक रात्र ठेवली की ती शंभर वर्षांची दिसत. धारच्या राजनंदिनीताईंच्या मुलीच्या रुखवतात खजिन्याचा हंडा मांडायचा होता, त्या ऑर्डरीसाठी किमया ती तयार करत होती. आता त्यांच्यावर हिरवा खरखरीत थर चढला होता आणि फडकं त्याला चिकटून बसलं होतं.

रत्नाकरराव देवासच्या एका गिअरच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासणीला होते. बारीक ओरखडा दिसला, की लाल खडूची फुली. ती नजर घरीही यायची. पोळीचा काठ, मुलाचे, प्रणवचे मार्क, पुढे प्रणवच्या या बायकोचं हिंदी मिसळलेलं मराठी. त्यांची पत्नी गेली तेव्हा कपाटात एक स्वेटर सापडला. तिने विणलेला, बाह्या आखूड म्हणून त्यांनी परत केलेला. तिने बाह्या उसवून पुन्हा विणल्या होत्या, पण त्यांना दाखवला मात्र नव्हता.

"परसों द्यायचीयत," किमया म्हणाली. "आता पूरी घासावी लागतील."

"मी घासतो."

"राहू द्या, मी करून घेईन."

"नाही. चूक माझी आहे."

किमयाने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मग आत जाऊन चिंच भिजत घातली.

दुपारभर ते चिंचेच्या कोळाने एकेक नाणं घासत बसले. संध्याकाळी किमयाने सांगितलं तेवढंच व्हिनेगर त्यांनी घातलं आणि डबा सावलीत ठेवला. सकाळी नाणी काळपट तपकिरी निघाली. सगळी अगदी सारखी. रत्नाकरराव बराच वेळ बघत राहिले. हाताळलेली वस्तू अशी सारखी जुनी होत नाही, जिथं बोटं लागतात तिथं ती उजळते. त्यांनी उदबत्तीची चिमूटभर राख घेतली आणि एका नाण्यावर अंगठा फिरवला. सिंहांची तोंडं उजळली, खाचा काळ्याच राहिल्या.

ते नाणं तळहातावर घेऊन ते स्वयंपाकघरात गेले. किमया कणीक मळत होती.

"जरा बघतेस? असं चालेल का?"

तिचे हात कणकेने भरले होते. तिने वाकून जवळून नाणं पाहिलं, मग त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि पायानेच स्टूल पुढे सरकवलं.

"आधी बसा ना बाबा. घासून घासून बोटं सोलवटलीत."

ते बसले. तळहात मात्र तसाच पुढे धरून राहिले.