मोकळ्यावरची सतरंजी

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. विचुंब्याच्या विठ्ठल मंदिराची. लाल-निळ्या पट्ट्यांची, अंगणभर पसरणारी. मागावर माझे धागे असे घट्ट ठोकून बसवले होते की कितीही पाय पडले तरी मी विरले नाही.

माझं काम एकच. दिवस कलला, सारवलेलं अंगण थंड पडलं, की कीर्तनाला अंथरून घ्यायचं. माझ्यावर अख्खी घरं बसत. बुवांनी निरूपण धरलं की म्हातारे डोलत. पोरं मात्र गजरापुरती टाळ्यांना असत, मधल्या वेळी मातीत हुंदडून येत आणि मळक्या पायांनी आईच्या मांडीवर झोपून जात. नामाचा सूर, वारा आणि झोप तिथे एकत्रच मिळे.

पुढे शेतांवर इमारती आल्या. मंदिराचे अध्यक्ष शैलेशदादा यांनी भाविकांच्या सोयीसाठी वर सभागृह बांधलं, खुर्च्या मांडल्या, अंगणात सिमेंटच्या लाद्या बसवल्या. हेतू चांगलाच होता. मी पोत्यात गेले. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला.

यंदा मे महिन्यात गावातल्या गुणाबाईंची लहानगी नात किशोरी खारघरहून सुट्टीला आली. मोबाइल समोर असल्याशिवाय तिच्या तोंडात घास जात नसे की डोळ्याला डोळा लागत नसे. आजीकडे करमत नाही म्हणून ती रडू लागली, तेव्हा सून भावनाने न्यायला येते असं कळवलं. आता नेली तर पुढल्या वर्षी कशाला पाठवतील, या विचाराने गुणाबाईंच्या जिवाला घोर लागला. हे सगळं मला नंतर माझ्यावर बसलेल्या बायकांच्या बोलण्यातून समजलं.

भावना आली तो सप्ताहाचा पहिला दिवस. कीर्तन ऐकून लेकीला घेऊन जायचं, म्हणून तिने किशोरीची बॅगही भरून सोबत आणली होती. पण कीर्तन सुरू होण्याआधीच वीज गेली आणि सभागृहाची भट्टी झाली. शैलेशदादा कीर्तन उद्यावर ढकलायला निघाले, तर कीर्तनकार तुळशीरामबुवा म्हणाले, देवाला कुठे पंखा लागतो, अंगणात बसू. मला पोत्यातून काढून लाद्यांवर अंथरलं. माणसं बसली आणि तशीच उठली. लाद्या दिवसभराचं ऊन पिऊन बसल्या होत्या.

"शैलेशदादा, होम मांडलास का रे?" मागून कुणीतरी विचारलं, आणि हशा पिकला.

गुणाबाईंनी माझं टोक धरलं. "मागं शेतान चला. माती कवाच निवली."

देवळामागे एक शेत अजून शिल्लक आहे. तिथे मला अंथरलं. किशोरीने ढेकळांवर एक पाय ठेवला आणि मागे घेतला. मग पुन्हा ठेवला. पखवाज घुमू लागला, गजर चढला, तशी पोरं त्या ठेक्यावर टाचांनी ढेकळं फोडू लागली. तीही त्यांच्यात गेली. थोड्या वेळाने धडपडली. भावना अर्धी उठली.

"बस गो," गुणाबाई म्हणाल्या. "पडली, उठली पन."

वीज आली तरी कुणी हललं नाही. खरचटलेलं ढोपर घेऊन किशोरी आली. भावनाने समजूत घालायला मोबाइल पुढे केला, तर पोरीने खायला मागितलं. प्रसादाची खिचडी तिने आपल्या हाताने, पुन्हा वाढून घेऊन खाल्ली आणि पंगत उठायच्या आतच आई-आजीच्या मध्ये झोपली.

भावनाने पायाशी ठेवलेली बॅग बाजूला सरकवली.

"आई, उद्या कीर्तन किती वाजता? ह्यांनाही बोलावते."

गुणाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "लवकर ये सांग. नि चपला गाडीतच ठेव म्हनाव."

सप्ताहभर मी शेतातच अंथरली गेले.

मित्रांनो, मला जपायचं म्हणून पोत्यात घालू नका. ऊन दाखवा, उंदरांपासून सांभाळा, पण संध्याकाळी बाहेर काढा. देवाचं नाव घ्या, गप्पा मारा किंवा नुसते आडवे व्हा. माझ्यावर माती येईल. येऊ द्या. मला झटकायला चार माणसं लागतात. तेवढी घराबाहेर आली, की माझं काम झालं.