एकाच खटक्यावरचं घर

आईला जाऊन सोळा दिवस झाले आणि मी घरातला मेन बोर्ड उघडून बसलो. रडू येत नव्हतं. भूक लागत होती, झोपही येत होती. भेटायला येणारे म्हणायचे, "मोकळा हो बाबा, रडून घे." जणू मी मुद्दाम अडवून धरलंय! त्यांचा राग यायला हवा होता, तोही धड येत नव्हता. हातपाय आपले चालत होते, म्हणून म्हटलं राहिलेलं काम करू.

मी वायरमन आहे. बावीस वर्षं लोकांना एकच गोष्ट घसा फोडून सांगतोय. दिव्यांना वेगळा ब्रेकर लावा, स्वयंपाकघराला वेगळा लावा, आणि कुणाचा जीव ज्याच्यावर आहे त्याला तर वेगळाच लावा. म्हणजे एकीकडे शॉर्ट झालं तर तेवढीच लाइन बंद पडते, बाकीचं घर चालू राहतं. माझं स्वतःचं घर मात्र सगळं एकाच खटक्यावर होतं. पुढच्या रविवारी करू म्हणत तीन वर्षं गेली. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," असं आई मला तोंडावर म्हणायची आणि नाकातली नळी सावरत हसायची.

तिचं ऑक्सिजनचं मशीन आतल्या खोलीत असायचं. आई गेली त्या दुपारी बायकोने बाहेरच्या खोलीत इस्त्री लावली. इस्त्रीची वायर मुळाशी सोलवटली होती आणि ती बदला म्हणून बायकोने मला तीनदा सांगितलं होतं. फट्कन आवाज झाला, ब्रेकर पडला, आणि इस्त्रीबरोबर आईचं मशीनही थांबलं. ब्रेकरने आपलं काम चोख केलं. वायर जळली नाही, आग लागली नाही. भेटायला आलेल्यांपैकी दोघं-तिघं म्हणालेसुद्धा, नशीब, घर तरी वाचलं.

बायकोने खटका परत वर केला नाही, कारण लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी तिला बजावलं होतं, "ब्रेकर पडला की मी येईपर्यंत हात लावायचा नाही." लोक बिघाड न शोधता खटका वर करत राहतात. एका पठ्ठ्याने तर ब्रेकर सारखा पडतो म्हणून तो काढून सरळ तार जोडली होती. त्याचं जळलेलं घर मी पाहिलंय, म्हणून हा नियम. तिने अँब्युलन्स बोलावली, ती वाहतुकीत अडकली. राखीव सिलिंडर भरायला गेला होता. मला तिने नऊ फोन केले. मी एका गोदामात शिडीवर होतो आणि फोन खाली डब्याच्या पिशवीत होता. चाळीस मिनिटांनी मी खाली उतरलो.

तेव्हापासून बायको माझ्याशी कामापुरतं बोलते. जेवायला वाढलंय. बनियन दोरीवर आहे. मला वाटलं, इस्त्री लावली म्हणून ती स्वतःला खातेय. तिची समजूत काढायला हवी हे कळत होतं, पण तोंड उघडत नव्हतं.

सोळाव्या दिवशी मी बोर्ड उघडून बसलो होतो, तेव्हा ती चहा घेऊन आली आणि कप ठेवून तिथेच उभी राहिली.

"अहो, एक विचारू?"

"विचार की."

"मी तेव्हा इस्त्रीची पिन काढून खटका वर केला असता, तर वर राहिला असता का?"

राहिला असता. बिघाड इस्त्रीच्या वायरीत होता, पिन काढली की तो लाइनवरून गेला. मशीन मिनिटभरात सुरू झालं असतं. पण हे खरं सांगितलं तर ही बाई जन्मभर ते एक मिनिट उराशी धरून बसेल, असं मला वाटलं.

"छे, लगेच पडला असता," मी म्हणालो. "तुझ्या हातात काही नव्हतं. उगाच मनाला लावून घेऊ नकोस."



"शेजारच्या काकांनी तेच केलं," ती म्हणाली. "आई गेल्यावर पाचेक मिनिटांनी ते आले. पिन काढली, खटका वर केला. पंखा फिरायला लागला, मशीन सुरू झालं. आईंच्या नाकात नळी तशीच होती. मी बाजूलाच उभी होते."

मी पेचकस खाली ठेवला.

"हात लावू नकोस एवढंच सांगितलंत तुम्ही. मी म्हटलं होतं, काय करायचं ते शिकवून ठेवा. तर म्हणालात, तुझं काम नाही ते." तिचा आवाज चढला नाही. "आणि आजही मला काही कळत नाही असं धरूनच बोललात."

सोळा दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं. ते दुःख नव्हतं, लाज होती.

"राहिला असता," मी म्हणालो. "मी शिकवलं असतं तर आई वाचली असती."

ती फरशीवर बसली आणि मोठ्याने रडायला लागली. मी तिच्या शेजारी बसलो. मला अजूनही रडू आलं नाही.