ब्रेकमधली हवा

मामा आणि बाबा तेहतीस वर्षं एकमेकांशी थेट बोलले नव्हते. म्हणायला भांडण नव्हतं. एका टेबलावर जेवायचे, एकमेकांच्या आजारपणात धावून जायचे, फक्त मधे आई लागायची. "ताई, दाजींना विचार, टायर बदलायचेत का." दाजी हातभर अंतरावर बसलेले असायचे. ते म्हणायचे, "तुझ्या भावाला सांग, अजून सहा महिने चालतील." आई ही वाक्यं पुन्हा म्हणायचीसुद्धा नाही. एकदा इकडे, एकदा तिकडे बघायची, की निरोप पोचला असं दोघंही धरून चालायचे.

चार वर्षांपूर्वी आई गेली आणि ते काम पाचशे किलोमीटरवरून, फोनवर, माझ्याकडे आलं.

आता मी बाबांना कायमचं माझ्याकडे न्यायला आले होते. वय सत्त्याहत्तर, उजवा गुडघा कामातून गेलेला. एकट्याने राहणं जमेना. घर आवरून झालं होतं, सोमवारी सकाळी निघायचं ठरलं होतं. बाबांची अट एकच होती. जायचं ते आपल्या गाडीने, आणि शहराच्या हद्दीपर्यंत गाडी ते चालवणार. पुढे मी. ती क्रीम रंगाची जुनी गाडी दीड वर्ष जागची हलली नव्हती. तिला हात लावू शकेल असा मेकॅनिक शहरात एकच उरला होता, तो म्हणजे मामा.

मला काळजी गाडीची नव्हती. बाबा पुन्हा या शहरात येतील असं वाटत नव्हतं. हे दोघं आता बोलले नाहीत तर कधीच बोलणार नव्हते, आणि तो गोल त्यांच्यामधे तसाच पडून राहणार होता.

तो गोल झाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. बाटल्यांच्या कारखान्यामागे मैदान होतं. रविवारी दुपारी त्याच्या कडेने गाड्या लागायच्या: डॉक्टरांची काळी, बर्फवाल्याची निळी व्हॅन, शाळेच्या हेडमास्तरांची हँडल मारून सुरू करावी लागणारी. लोक बॉनेटवर बसून सामना बघायचे आणि गोल झाला की टाळ्यांऐवजी हॉर्न वाजवायचे. डोळे मिटूनही मला सांगता यायचं, कुणाला आनंद झालाय. डॉक्टरांच्या गाडीचा हॉर्न सर्दी झाल्यासारखा होता. आमचा बारीक आणि लांब.

बाबा पाणीपुरवठा खात्यात नोकरीला होते आणि रविवारी रेफरी. मामा आमच्या भागातल्या संघाचा सेंटर फॉरवर्ड. मेव्हण्याच्या सामन्याला बाबांनी उभं राहू नये असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं, पण नियम तोंडपाठ असलेला दुसरा माणूस मिळत नव्हता. शहर चषकाची अंतिम फेरी, शून्य-शून्य, शेवटची चार मिनिटं. कॉर्नर आला, गोलपोस्टसमोर एकच गर्दी झाली, मामा उसळला आणि चेंडू जाळ्यात. सगळे हॉर्न एकदम वाजले. आमचाही वाजला, कारण स्टिअरिंगपाशी आई बसली होती आणि गोल तिच्या भावाचा होता. तेवढ्यात बाबांची शिट्टी झाली. त्यांनी हात दाखवला: चेंडू हाताला लागलाय, गोल नाही. आईने हॉर्नवरचा हात काढून मांडीवर ठेवला. पुढे पेनल्टीवर सामना हातचा गेला.

त्यानंतर मामाला शहर 'गोलवाला' म्हणू लागलं आणि बाबांना 'शिट्टी'. शाळेत मी 'शिट्टीची मुलगी' झाले. मामाने गॅरेज काढलं तेव्हा पहिली गिऱ्हाइकं त्या न दिलेल्या गोलापायीच आली. माणसावर अन्याय झालाय, निदान त्याला काम तरी देऊ. मामा त्या गोलाबद्दल स्वतःहून कधी बोलायचा नाही. लोक याला त्याचा मोठेपणा म्हणायचे.

रविवारी सकाळी गाडी ओढत गॅरेजमध्ये आणली. सुट्टीमुळे कामाची माणसं नव्हती. शुक्रवारी मामाने घरी येऊन इंजिन सुरू करून दिलं होतं, राहिले होते फक्त ब्रेक. मामाने मला सांगितलं, पाइप नवे टाकलेत, आता आतली हवा काढायची. हे काम एकट्याने होत नाही. एकाने आत बसून पेडल तीन-चारदा मारायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्याने खाली पडून चाकामागचा निपल पान्याने सैल करायचा, बुडबुडे बाहेर पडू द्यायचे, परत आवळायचा. आवळल्याशिवाय पाय उचलला की हवा पुन्हा आत.

मी सीटवर बसायला निघाले तर बाबा आधीच बसले होते. म्हणाले, गाडी मी चालवणार आहे, पेडल कुठे लागतं ते माझ्या पायाला कळायला हवं. मामाने यावर मान डोलवली, अर्थात माझ्याकडे बघून.

सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून झाली. मामा खाली सरकला. "दाबायला सांग." मी सांगितलं. "धरायला सांग." सांगितलं. "सोडू देत आता." मी बाबांना सांगेपर्यंत ठीक होतं, पण पुढच्या खेपेला मामा "अजून नको" म्हणाला आणि ते माझ्याकडून पोचायच्या आत बाबांनी पाय उचललेला. हवा आत. तिसऱ्या खेपेलाही तेच. खालून पाना जमिनीवर आपटल्याचा आवाज आला.

"तू पुढे जा," मामा मला म्हणाला. "बॉनेटपाशी थांब. तिथल्या टाकीतलं ब्रेक ऑइल कमी झालं की ओतत राहा. इथे नको उभी राहूस."

मी गेले. उघड्या बॉनेटमुळे मला दोघंही दिसेनात. जमिनीवरून पाना उचलल्याचा आवाज आला. मग मामाचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा मोठा.

"दाजी, दाबा."

पेडलचा आवाज झाला.

"धरा. धरा... सोडा."

असं मागचं डावं झालं, उजवं झालं, पुढचं डावं झालं. मी ऑइल ओतत होते आणि इतका वेळ लागतोय याबद्दल एकदाही तोंड उघडत नव्हते. शेवटचं चाक राहिलं, पुढचं उजवं, बाबांच्या पायापासून दोन फुटांवर.

"दाबा. धरा." निपल आवळल्याचं मला ऐकू आलं. 'सोडा' काही आलं नाही.

"चेंडू हाताला लागला होता, दाजी," मामा गाडीखालून म्हणाला. "कोपराच्या वर. मुद्दाम नाही, पण लागला. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मग लोक पाठीवर थाप मारायला लागले आणि दिवस जात राहिले."

"मला कुठे दिसलं होतं," बाबा म्हणाले.

"काय?"

"मधे तिघं होते. चेंडू आत गेला तेवढं दिसलं. कशाला लागून गेला, नाही दिसलं."

"मग शिट्टी कशावर मारलीत?"

"गोल झाला की गोल मारणारा काय करतो? पळत सुटतो. तू पळाला नाहीस. तू आधी माझ्याकडे बघितलंस. दुसरं कोणी असतं तर मला कळलं नसतं. सतरा वर्षांचा असताना माझी गाडी न विचारता नेलीस आणि मडगार्ड चेपवून आणलंस, तेव्हा फाटकात असाच बघत उभा होतास."

खालून पाना बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

"आता पाय उचलू का? गुडघा गेला माझा."

"उचला, उचला," मामा घाईघाईने म्हणाला.

तो बाहेर आला तेव्हा तोंडभर ऑइल होतं, त्यामुळे बाकी काही कळायला मार्ग नव्हता. तो म्हणाला, आज संध्याकाळी सगळ्यांना सांगून टाकतो. बाबांनी ते उडवूनच लावलं.

"काही गरज नाही. अर्धं शहर मला शिव्या देत म्हातारं झालंय. आता या वयात त्यांना दुसरा उद्योग कुठून देणार? आणि तुझं गॅरेज त्या गोलावर चालतं."

"तुमच्या शिट्टीवर चालतं, दाजी."

"मग ऑइल बदलायचे पैसे घेऊ नकोस."

ब्रेकची चाचणी दहा मिनिटांचं काम. मामा शेजारी बसला, बाबांनी गाडी काढली आणि दोघं मला न विचारताच निघून गेले. पाऊण तास झाला तरी पत्ता नाही. मधे एक स्कूटरवाले काका आले, मालक कुठे म्हणाले. मी म्हटलं, त्यांच्या दाजींबरोबर ब्रेक बघायला गेलेत.

"दाजी म्हणजे... शिट्टी?" त्यांनी स्कूटर स्टँडला लावली. "दोघं एका गाडीत?"

"हो."

"बोलत होते?"

मी पंचवीस वर्षं बातम्या तपासण्यात घालवली आहेत. खात्री नसेल ते सांगत नाही, म्हणून थांबून बघू म्हटलं. काका स्टुलावर बसले. त्यांनाही काही घाई नव्हती.

बऱ्याच वेळाने क्रीम गाडी कोपऱ्यावरून वळली. काचा बंद होत्या, आवाज येत नव्हता. बाबांचा एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा हवेत होता. मामा त्यांच्याकडे तोंड करून काहीतरी ठासून सांगत होता, आणि दोघंही एकाच वेळी बोलत होते. गाडी गॅरेजसमोरून तशीच पुढे निघून गेली.