निळी राहिलेली काच

“बरं असो, वाईट असो, आधी माझ्या कानावर घालायचं. तुझ्या भावजींच्या नाही.” यकृताचा तुकडा काढायला नेताना स्ट्रेचरवरून जाऊबाईंनी बजावलं. मग हात धरून हळूच म्हणाल्या, “गावाला गेले तेव्हा आठ दिवस गोळी राहिली गं. म्हणूनच परत आलं का? तेवढं विचार.”

स्तनातली कर्करोगाची गाठ काढल्याला तीन वर्षं झाली होती; रोजची गोळी तेव्हापासूनची. त्यांच्यासाठी मीही तेव्हाच साखर सोडलीय. “तुझ्या व्रतानं तूच वाळलीस,” असं म्हणून त्या हसायच्या.

तुकडा प्रयोगशाळेत माझ्याच टेबलावर आला. मेणात बसवून पापुद्रे कापायचे, काचेवर घेऊन रंगवायचे, हे माझं एकवीस वर्षांचं काम. मनात देवाचं नाम चालू असलं की हात स्थिर राहतो. त्या दिवशी पहिले दोन पापुद्रे फाटले.

जुन्या गाठीच्या काचेवर पेशींची केंद्रं तपकिरी रंगली होती. म्हणजे गोळी लागू पडणार होती. आताची काच निळीच राहिली.

“रंग चुकला असेल का, मॅडम?”

“नाही.” डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. “या पेशी एका रूपात राहत नाहीत. एकमेकींना धरून असतात, मग सुटतात, लांबट होतात, रक्तातून वाट काढतात. नव्या जागी पोचल्या की पुन्हा घोळका करून बसतात. देश तसा वेश. गोळी ज्या खुणेवर चालायची, ती खूणच यांनी टाकून दिलीय.”

“आठ दिवस गोळी चुकली म्हणून?”

“आठ दिवसांनी असं होत नाही. एकही न चुकवणाऱ्यांचंही होतं.”

“आता?”

“सलाईनमधून औषधं. लांबवता येईल. बरं होईल असं नाही म्हणणार.”

बाहेर भावजी उभे होते. माझ्याकडे बघूनच त्यांनी ओळखलं.

“तिला सांगू नका, हाय खाईल. एवढं एक खोटं तुमचा देव पोटात घालेल.”

“देव घालेल, भावजी. जाऊबाई नाही घालणार.”

ते बाकावर बसले. मला अडवलं नाही त्यांनी.

मी हातमोजे काढले, हात धुतले. जाऊबाईंचा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये कुणी ओळखीचं भेटलं असतं, म्हणून जिन्यानं निघाले.